बुरसलेला दाणा व कोंबड्यांचे आरोग्य

माणसांनी टाकलेले धान्य कोंबड्यांपुढे घालावे, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मनोरी, गोराई यांसारख्या समुद्र व खाडी यांच्या कुशीतील गावांत पावसाळाभर हवा दमट असते. साठवणीचा मका, कोंडा व पेंड यांस ओल लागून बुरशी चढते. असा माल पक्ष्यांस घालणे ही काटकसर नव्हे, हे आम्ही वाचकांच्या नजरेस आणू इच्छितो.

१९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी थोड्या महिन्यांत मेले. शोधाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत आढळला. तीवर वाढणाऱ्या ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीच्या विषास पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. १९७४ साली राजस्थान व गुजरात यांच्या सीमेलगतच्या भागांत पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने दगावली. यावरून या विषाची तीव्रता ध्यानात यावी.

बदकांची पिले या विषाने त्वरित मरतात. कोंबडी त्या मानाने चिवट. ती सहसा एकाएकी मरत नाही, आणि येथेच मालक फसतो. पक्षी कमी खातो, वाढ खुंटते, तुरा फिकट होतो, अंडी घटतात. मेलेला पक्षी चिरून पाहता यकृत पुष्कळदा पिवळट व सुजलेले दिसते. याहून मोठी हानी म्हणजे रोगाशी झुंजण्याची शक्ती क्षीण होते. राणीखेतची लस वेळेवर देऊनही पक्षी त्या रोगास बळी पडू लागले, तर लसीस दोष देण्यापूर्वी खाद्याची कोठीही तपासावी. विषाचा काही अंश अंड्यांत व यकृतात उतरतो, हेही विसरू नये.

दाणा धुतल्याने, उन्हात घातल्याने किंवा शिजविल्याने बुरशी नाहीशी झालेली दिसली, तरी आत उतरलेले विष पुरते जात नाही. चांगल्या धान्यात मिसळल्यास तेही दूषित होते. या विषावर खात्रीचा उतारा नाही. संशय येताच खाद्य बदलावे व पशुवैद्याचा सल्ला घ्यावा.

म्हणून मका दाताखाली कडक फुटेल इतका वाळवूनच भरावा. त्यातील ओलावा शेकडा १२ च्या आत असावा. पोती भिंतीस न टेकविता फळ्यांवर रचावी. पावसाळ्यात पंधरवड्यापुरतेच खाद्य आणावे. खाद्याची भांडी रोज कोरडी पुसावी व तळाशी साचलेला चुरा काढून टाकावा. बुरसलेला माल दुभत्या जनावरांसही घालू नये, कारण ते विष दुधात उतरते; तो पुरून टाकावा. पोतेभर दाण्याचे नुकसान एकदाच सोसावे लागते. आजारी पक्ष्यांचे नुकसान मात्र अंडी देण्याचा सबंध हंगाम चालू राहते.