धावणारा बांबू

बांबू कोणी पाहिला नाही? सूप, टोपली, कणगी, तट्ट्या, शिडी, सगळ्याला बांबू लागतो. आपल्याकडचा बांबू बेट करून राहतो. एका बुडाशी पुष्कळ काठ्या. बेट जागा सोडत नाही. जागच्या जागी वाढतं.

पण बांबूची दुसरीही एक तऱ्हा आहे. तो एका जागी बसत नाही, धावतो! जपान देशात असा एक बांबू आहे. त्याला तिथे मादाके म्हणतात. जपानात थंडी फार. हिवाळ्यात बर्फ पडतो. पण हा बांबू त्या थंडीला भीत नाही. बर्फाच्या भाराने काठी वाकते, बर्फ वितळला की पुन्हा उभी राहते.

तो धावतो कसा?

शेतात हरळी कशी पसरते? तशीच याची रीत. याचं एक खोड जमिनीखाली आडवं वाढतं. ते दोरीसारखं लांब असतं. त्याला पेरं असतात. पेरापेरावर डोळे असतात. डोळ्यातून कोंब निघतो आणि जमिनीवर येतो. मग तो इतका झपाट्याने वाढतो, की भर हंगामात एका दिवसात हात-दोन हात उंच होतो. दोन महिन्यांत काठी पुरी उंच होते. चांगली काठी पन्नास फुटांवर जाते. पुढे तिची उंची वाढत नाही. लाकूड तेवढं पक्कं होतं.

उपयोग किती!

याचं लाकूड चिवट आणि सरळ चिरणारं. त्याच्या कामट्या काढून टोपल्या, पंखे करतात. धनुष्यं आणि बासऱ्याही करतात. कोवळे कोंब उकडून खातात. कोंबावरच्या सालीत भाताचे गोळे बांधून देतात. जमिनीखाली खोडांचं जाळं असतं, त्यामुळे माती धरून राहते.

आणखी एक नवल ऐका. जुन्या पद्धतीच्या विजेच्या दिव्यात एक बारीक तार तापून उजेड देत असे. पूर्वी टिकाऊ तार मिळत नव्हती. १८८० च्या सुमारास अमेरिकेतल्या एडिसनने नाना झाडांचे धागे घेऊन त्यांचा कोळसा करून पाहिला. अखेर जपानातल्या यावाता गावचा मादाके पसंतीस उतरला. तो दिवा हजार तासांहून जास्त जळला!

दोन संकटं

हा बांबू सुमारे १२० वर्षांनी एकदा फुलतो. फुलला की काठ्या वाळतात. १९६० नंतरच्या दहा वर्षांत जपानभर मादाके फुलला. बनंच्या बनं वाळली. टोपल्या विणणाऱ्यांना माल मिळेना. तेवढ्यात बाजारात प्लास्टिक आलं. जमिनीखालचं खोड जिवंत होतं, म्हणून काही वर्षांत बनं पुन्हा उभी राहिली. पण गेलेलं गिऱ्हाईक पहिल्यासारखं परत आलं नाही.

मग दुसरं संकट आलं. तरुण मंडळी शहरात गेली. बन तोडायला गावात माणूस उरला नाही. तोडलं नाही तर धावणारा बांबू थांबतो होय? तो शेजारच्या शेतात शिरला, रानात शिरला. त्याच्या सावलीत दुसरी झाडं मरू लागली. जो बांबू गावाला पोसत होता, तोच गावाला डोईजड झाला.

शहाणा शेतकरी काय करतो?

तो बनाभोवती दोन-अडीच फूट खोल चर खणतो. चरात खोड आलं की कापतो. कोवळी काठी राखतो. तीन-चार वर्षांची पक्की काठी हिवाळ्यात तोडतो. नको तिथला कोंब वेळीच काढून खातो. म्हणजे बन आवाक्यात राहतं आणि पैसाही देतं.

म्हणून कोणी असं रोप आणून दिलं, तर आधी विचारा, "हा बेट करणारा की धावणारा?" धावणारा असेल तर चर आधी खणा, रोप मागून लावा. आणि दरसाल तोडायला हात आहेत का, तेही पाहा. हात नसतील तर आपला बेटाचा बांबूच बरा.

सांगा पाहू :
१. आपला बांबू आणि मादाके यांत फरक काय?
२. बन वाळलं, तरी ते पुन्हा कशामुळे उभं राहिलं?
३. बनाभोवती चर कशासाठी खणायचा?