मधुमेह आणि रक्तातील बिंबिका



साखर कारखान्याच्या पत्रिकेत मधुमेहावर लेख म्हटल्यावर काही सभासद हसतील. हसू द्या. पण गटात फिरताना 'डोळ्यापुढे काळे ठिपके येतात', 'पायात काटा गेला तरी समजत नाही' असे चाळिशी-पन्नाशीच्या शेतकऱ्यांकडून वरचेवर ऐकू येते, म्हणून हा विषय घेतला आहे.

आपल्या ठिबक संचाचेच पाहा. मेन लाईन सहसा तुंबत नाही, तुंबतो तो ड्रिपर. पाणी क्षाराचे असले की आधी आत थर बसतो, मग त्यावर कचरा अडकतो आणि तिथला ऊस कोरडा राहतो. शरीरातही थोडेफार असेच घडते. केशवाहिनीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. रक्तातील तांबड्या पेशीलासुद्धा तिथून अंग चोरून जावे लागते. डोळ्याचा पडदा, मूत्रपिंड आणि पायाच्या नसा यांचे पोषण अशाच वाहिन्यांवर चालते.

आता बिंबिका म्हणजे काय? डेंग्यूमुळे घरोघरी माहीत झालेल्या प्लेटलेट, त्याच ह्या. एका घन मिलिमीटर रक्तात त्या दीड ते चार लाख असतात व आठ-दहा दिवस जगतात. कोयता लागला की जखमेवर चिकटून रक्त थांबवायचे, हे त्यांचे मुख्य काम. एरवी वाहिनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइडसारखे पदार्थ सोडून त्यांना चिकटू देत नाही. मधुमेहात मात्र दोन्हीकडून बिघडते. वाढलेल्या साखरेने अस्तर खराब होऊन हे पदार्थ कमी सुटतात. इकडे बिंबिकाही चिडक्या होतात आणि थ्रॉम्बॉक्सेन नावाचे द्रव्य जास्त सोडून आणखी बिंबिकांना बोलावतात. जखम नसताना बारीक गुठळी होते आणि पुढचा भाग उपाशी राहतो.

मग बिंबिकांना आवरणारी ॲस्पिरिनची गोळी रोज घेतली तर? हिशेब कागदावर सोपा दिसतो. अमेरिकेत ३,७११ मधुमेही रुग्णांवर याची चाचणी झाली. रोज ६५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन देऊनही डोळ्याच्या पडद्याचा बिघाड थांबला नाही, असा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. उलट साखर ताब्यात ठेवली की बारीक वाहिन्यांचे नुकसान कमी होते, हे १९९३ साली अमेरिकेतील आणि १९९८ साली इंग्लंडमधील मोठ्या अभ्यासांत स्पष्ट दिसले. कचरा काढून काय उपयोग, पाणीच क्षाराचे असेल तर! म्हणून दुकानातून आपल्या मनाने ॲस्पिरिन आणून खाऊ नये. हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल, तर ती आपल्या मनाने बंदही करू नये.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पाऊल याच विषयावर अनेक वर्षे काम केले, पुस्तके लिहिली. आपल्या भागात हा विषय फार महत्त्वाचा आहे, कारण तोडणीनंतर उसाचे बुडखे किती धारदार असतात हे सभासदांना सांगायला नको. बधिर पायाला ते लागलेले कळत नाही, आणि रक्तपुरवठा तोकडा असल्याने जखमही लवकर भरत नाही. मधुमेह असलेल्या सभासदाने फडात अनवाणी जाऊ नये. रात्री तळपाय आरशात पाहावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. तीन महिन्यांची सरासरी साखर डॉक्टर सांगतील तेव्हा तपासावी. लघवीतील प्रथिने आणि डोळ्याचा पडदा वर्षातून एकदा तपासून घ्यावा, नजर चांगली असली तरी.

— ऊस विकास अधिकारी