बोअरला ऊन पाणी का लागत नाही?

प्रश्न : माझा भाचा शिकायला जपानमधल्या बेप्पू गावी आहे. त्यानं पाठवलेल्या फोटोंत घराघरांमधून, गटारांच्या जाळ्यांमधूनसुद्धा वाफा निघताना दिसतात. गावभर गरम पाण्याचे झरे आहेत म्हणे. कारण विचारलं तर म्हणाला, ज्वालामुखी. पण आपला काळा दगडही ज्वालामुखीचाच, असं शाळेत शिकवलं होतं. मग आमच्या लिंबागणेशला आठशे फूट बोअर घेऊनही पाणी कोमटच का? आणि तिकडे सगळे कपडे काढून एकत्र नहातात, हे खरं की भाचा थट्टा करतोय? – एक वाचक, लिंबागणेश (जि. बीड)

उत्तर : भाचा थट्टा करत नाही. त्या नहाण्याकडे शेवटी वळू. आधी दगडाचं पाहू, कारण तुमची शंका रास्त आहे.

बालाघाटाचा काळा दगड लाव्हाचाच आहे. मांजरसुंब्याच्या घाटात डोंगर कापलाय तिथे एकावर एक थर दिसतात. त्यातला एकेक थर म्हणजे एकेकाळी पसरलेला लाव्हा. पण ही गोष्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. लाव्हाचा थर जाडीप्रमाणे काही वर्षांत, फार तर काही शतकांत निवतो. चुलीतली राख पाहून तिथे कधीतरी जाळ होता एवढं कळतं, त्या राखेवर चहा होत नाही. बेप्पूची चूल मात्र अजून पेटती आहे. गावामागच्या त्सुरुमी आणि गारान या डोंगरांत इ.स. ८६७ मध्ये उद्रेक झाल्याची नोंद आहे. भूगर्भाच्या हिशेबात ही कालची गोष्ट झाली.

ती चूल पेटती का राहिली? बेप्पू ज्या क्यूशू बेटावर आहे, त्या बेटाखाली समुद्रतळाचा एक प्रचंड पत्रा सरकत जातो आणि जाताना आपल्याबरोबर पाणी खाली नेतो. खोलवरच्या तापलेल्या खडकात ते पाणी शिरलं की खडक एरवीपेक्षा कमी उष्णतेत वितळतो. कुल्फीवाला बर्फात मीठ टाकतो आणि बर्फ लवकर पाझरू लागतो, तसाच हा प्रकार. वितळलेला खडक वर चढतो, पावसाचं मुरलेलं पाणी तापवतो आणि ते भेगांमधून बाहेर पडतं. बेप्पूत अशी दोन हजारांहून अधिक तोंडं आहेत. काही कुंडांना तिथे ‘नरक’ म्हणतात. एक लोहयुक्त चिखलामुळे रक्तासारखं लाल आहे, तर ‘समुद्र नरक’ नावाचं निळं कुंड जवळजवळ उकळतं. त्यांत कोणी उतरत नाही, ती फक्त पाहायची. वाफेवर मात्र भाज्या, रताळी, अंडी शिजवतात.

आता तुमचा बोअर. जमिनीखाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. आपल्याकडे वरच्या थरातलं पाणी २६-२७ अंशांचं असतं. आठशे फूट म्हणजे पाव किलोमीटरहूनही कमी, म्हणून भर पडते सहा-सात अंशांची. पाणी कोमट लागणार ते एवढ्यामुळेच. चांगलं साठ अंशांचं पाणी हवं असेल, तर चार हजार फुटांच्या खाली जावं लागेल. बोअरवाल्याला हे सांगून पाहू नका, तो आनंदाने गाडी घेऊन येईल.

मग कोकणात कोणी बोअर न घेता गरम पाणी कसं मिळतं? तिथेही जिवंत ज्वालामुखी नाही. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत, तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी झऱ्यांची माळच आहे. दापोलीजवळच्या उन्हवऱ्याचं पाणी तर ७० अंशांच्या आसपास. तिथे तीन गोष्टी जुळून आल्या आहेत : भरपूर पाऊस, त्याला खोल नेणाऱ्या भेगा आणि झटकन वर येण्याची वाट. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. पाणी रेंगाळत वर आलं तर वाटेतच निवतं. आपल्याकडे वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, कोकणात त्याच्या चौपट. आपल्याकडे मुरतं ते पाणीही उथळ खडकातच फिरतं आणि विहिरीत, नाहीतर कपिलधारसारख्या धबधब्यात, थंडगार बाहेर पडतं.

तरी गरम झऱ्यांच्या बाबतीत मराठवाडा अगदीच कोरडा नाही. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात, उनकेश्वर आहे. खानदेशात चोपड्याजवळ उनपदेव. दोन्हीकडे शरभंग ऋषींची कथा सांगतात : ऋषी व्याधीने गांजले होते, रामाने बाण मारून गरम पाणी काढलं. नावं नीट पाहा, उन्हवरे, उनपदेव, उनकेश्वर. आपण ‘ऊन ऊन भाकरी’ म्हणतो, त्यातलाच हा ‘ऊन’. राजापूरकडे तर झऱ्यालाच ‘उन्हाळे’ म्हणतात. आपल्या भाषेत अस्सल शब्द असताना आपण ‘हॉट स्प्रिंग’ म्हणत बसतो!

दोन गैरसमज मात्र मोडायला हवेत. जमिनीत गंधक जळतं म्हणून पाणी तापतं, असं पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. आपल्या झऱ्यांचं पाणी तापतं ते खोलीमुळे. गंधकाचे अंश त्यात वाटेत मिसळतात, आणि सडक्या अंड्यासारखा वास त्यातून सुटणाऱ्या वायूचा असतो. दुसरा समज, या पाण्याने कातडीचे सगळे रोग जातात. ऊन पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, हे खरं. पण कुष्ठरोगावर उपाय गोळ्यांचा, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उघडी जखम घेऊन साचलेल्या कुंडात बसलात, तर आपलं दुखणं शेजाऱ्याला आणि त्याचं आपल्याला.

म्हणूनच जपानी रीत मला शहाणपणाची वाटते. कुंडात शिरण्याआधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने अंग खसखसून धुवायचं, साबण पूर्ण काढायचा आणि मगच पाण्यात उतरायचं. कुंड अंग धुवायला नाही, नुसतं बसायला. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, बरेच जण तो डोक्यावर घडी करून ठेवतात. कपडे अजिबात चालत नाहीत, पोहण्याचे सुद्धा. पण बहुतेक ठिकाणी बायका आणि पुरुष वेगळे. गोंदवलेल्या माणसांना अनेक ठिकाणी प्रवेश नाही. भाच्याच्या दंडावर नाव कोरलेलं असेल, तर त्याला आधी चौकशी करायला सांगा. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यांनी फार वेळ बसू नये, हे उनकेश्वरलाही लागू.

जाता जाता एक गंमत. जपानच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे उगमापाशी २५ अंश किंवा त्याहून गरम असलेलं जमिनीतलं पाणी ‘ओन्सेन’, म्हणजे गरम पाण्याचा झरा ठरतं. त्या कागदावर तुमचा बोअर सहज पास होतो. खात्री हवी असेल तर जानेवारीत पहाटे मोटर पंधरा मिनिटं चालू ठेवून धारेखाली थर्मामीटर धरा. मे महिन्यात दुपारी पुन्हा धरा. पहाटे वाफाळणारं आणि दुपारी गार वाटणारं पाणी आकड्यात जवळपास सारखंच भरेल. बदललेली असते ती बाहेरची हवा. दोन्ही आकडे भाच्याला कळवा.