नवा ड्रायव्हर, पहिली गाडी: सुरुवात लोकल भाड्यांनी करावी का?



लायसन्स हातात आलं, फायनान्सवाल्याकडे गाडीची चौकशी झाली, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, डायरेक्ट लाइनवर जाऊ की आधी लोकल मारू?" व्हिडिओत मी "आधी लोकल" असं उत्तर दिलं होतं. त्यामागचा हिशोब इथे सविस्तर मांडतोय, कारण लोकल म्हणजे सोपं असं समजून गाडी घेतली तर चौथ्या-पाचव्या हप्त्यालाच घाम फुटतो.

आधी लायसन्सचं बघू. ७५०० किलोपर्यंत एकूण वजन असलेली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, अगदी ४०७ सुद्धा यात बसते. एकूण वजन म्हणजे गाडी अधिक माल. आरसीवर तोच आकडा बघा, सेल्समन सांगतो तो नको. मोठा ट्रक चालवायचा असेल तर वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. तोपर्यंत एक वर्ष लोकलचं असं आपोआपच हातात येतं.

आता लाइनवर लगेच का जाऊ नये? पुण्यात कात्रजच्या नवीन बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तुम्हाला माहीत असेल. तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय. भरलेली गाडी, लांब उतार आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल. गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की इंजिनचा ब्रेक संपतो, सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो, तो तापतो आणि लागेनासा होतो. मागे भरलेला माल गाडीला कसा ढकलतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते ३० च्या स्पीडला शहरात शिकलेलं बरं. घाटात, रात्री दोन वाजता शिकायला जाऊ नका. लाइनचीच आवड असेल तर मुरलेल्या ड्रायव्हरसोबत क्लीनर म्हणून काही महिने फिरा. त्यात कमीपणा काही नाही.

पण लोकलमधलं प्रत्येक काम नवख्याचं नसतं. खडी-वाळूचा टिपर लोकलच फिरतो, पण ऊबडखाबड जागेवर ट्रॉली वर केली की गाडी कलंडते, वर विजेची तार असेल तर जिवावर बेततं. अर्धा भरलेला पाण्याचा टँकर वळणावर आतल्या पाण्यानेच हेलकावतो. नव्या माणसाने टाइल्सचं दुकान, बिस्किट-फरसाणचा डिस्ट्रिब्युटर, पाण्याचे जार, घरसामान अशी कामं धरावीत. गल्लीत रिव्हर्स घ्यायला, दोरी बांधायला, माल मोजून घ्यायला तिथे हात बसतो.

आता मुख्य मुद्दा. लाइनवर किलोमीटर विकले जातात, लोकलमध्ये तास विकले जातात. नवीन पोरगं भाडं सांगताना किलोमीटर मोजतं आणि तिथेच फसतं.

उदाहरणासाठी आकडे धरू, तुम्ही तुमचे टाका. समजा हप्ता १४,०००, इन्शुरन्स-टायर-मेंटेनन्ससाठी बाजूला ६,००० आणि तुमचा स्वतःचा पगार १८,०००. (पगार धरायचाच. "घरचाच ड्रायव्हर आहे, त्याचा खर्च काय" हे वाक्य मला क्लासमध्ये ऐकायचं नाही.) महिन्याचे झाले ३८,०००. कामाचे २५ दिवस धरले तर रोज १,५२०. दहा तासांचा दिवस धरला तर ताशी १५२ रुपये. गाडी उभी असो वा चालू, एवढं मीटर पडतंच.

आता भोसरीहून हडपसरचं भाडं आलं. जाऊन-येऊन साधारण ५० किलोमीटर. डिझेल किलोमीटरला ६ रुपये धरलं तर ३०० रुपये. येताना रिकामं यायचं हे धरूनच चाला. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, भरायला-उतरवायला मिळून दीड तास, झाले चार तास. चार तासांचे ६०८ आणि डिझेलचे ३००, म्हणजे ९०८ रुपये नुसता खर्च. बरेच जण "२५ किलोमीटर, २५ रुपयाने ६२५" असा भाव देऊन मोकळे होतात. त्यात गोडाऊनवाला म्हणाला, "जरा थांब भाऊ, साहेब जेवायला गेलेत," आणि दोन तास गेले, की आणखी ३०४ रुपये तुमच्या खिशातून गेले.

म्हणून भाडं ठरवतानाच तीन गोष्टी बोलून घ्या. भरायला-उतरवायला किती वेळ फुकट, त्यानंतर तासाला वेटिंग किती, आणि वाराई-हमाली कोण देणार. व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकून ठेवा, नंतर वाद होत नाही. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, मी रोज टेम्पो बोलावतो, त्यामुळे गिऱ्हाईकाच्या बाजूने सांगतो: वेटिंग आधी सांगणारा ड्रायव्हर मला महाग वाटत नाही. त्याची गाडी आली की माझी पोरं माल पटापट उतरवतात. माल उतरल्यावर कटकट करणाऱ्याला मात्र दुसऱ्यांदा फोन जात नाही.

कागदांबद्दल थोडक्यात. पिवळी पाटी हवीच, पांढऱ्या पाटीवर भाडं मारू नका. एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, फिटनेस मात्र लागतं: नव्या गाडीला दोन वर्षांचं, आठ वर्षांनंतर दरवर्षी. राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वरचा माल असेल तर ई-वे बिल मागून घ्या. ओव्हरलोडला कायद्यात २०,००० दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. "दोनच गोण्या जास्त आहेत" म्हणणारा व्यापारी तो दंड भरायला येणार नाही. आणि गाडीचा इन्शुरन्स मालाला लागू होत नाही. टाइल्स फुटल्या तर भरपाई कोणाची, हेही आधीच ठरवा.

गाडी घेण्याआधी दुसऱ्याच्या टेम्पोवर तीन महिने पगारी काम करा आणि वहीत रोज चार रकाने भरा: भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, थांबलेले तास, हातात आलेले पैसे. थांबलेले तास चालवलेल्या तासांपेक्षा जास्त दिसले, तर ती लाइन किंवा ते गिऱ्हाईक बदला. हप्ता त्यानंतरच सुरू करा. वही भरली की क्लासला घेऊन या, तुमच्या आकड्यांवर ताशी खर्च सोबत काढू.