एक 'एस', आवाज तीन

आपल्या हॉस्टेलवर मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं-मुली गणितात आणि सर्किटमध्ये एक नंबर आहेत. पण व्हायव्हाला उत्तर येत असूनही गप्प बसतात. कारण विचारलं तर म्हणतात, "उच्चार चुकला तर हसतील." या भीतीत इंग्रजी अनेकवचनांचा वाटा मोठा आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे हे उच्चार ऐकून ऐकून तोंडात बसतात, नियम कोणी सांगत नाही. पण नियम आहे, आणि गंमत म्हणजे तो मराठी वर्णमाला शिकलेल्याला लवकर कळतो.

अनेकवचन करताना लिहिताना एकच 'एस' लागतो, पण आवाज तीन निघतात : 'स', 'झ' आणि 'इझ'. हा 'झ' 'बाजार'मधल्या 'ज'सारखा हलका म्हणायचा. आपली वज्रेश्वरीच घ्या. एस.टी.ने जायचं, पायऱ्या चढून देवीचं दर्शन घ्यायचं, मग तानसा नदीकाठच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे वळायचं. इंग्रजीत बसिझ, स्टेप्स आणि स्प्रिंग्झ. एका ट्रिपमध्ये तिन्ही आवाज!

आता कुठला कधी? शब्दाचं शेवटचं अक्षर नाही, शेवटचा आवाज बघायचा. गळ्यावर बोट ठेवून लांब 'स्‌स्‌स्‌' म्हणा, काही जाणवणार नाही. 'झ्‌झ्‌झ्‌' म्हणा, गळा थरथरेल. व्याकरणात यालाच अघोष आणि घोष म्हणतात. क-वर्ग, ट-वर्ग असे जे पाच वर्ग आपण पाठ केले, त्यात पहिली दोन व्यंजनं अघोष आणि पुढची तीन घोष असतात.

१) शेवटी क, ट, प, फ, थ असे अघोष आवाज आले तर 'स'. ब्लॉक्स, सर्किट्स, पंप्स, ग्राफ्स.

२) शेवटी घोष व्यंजन किंवा स्वर आला तर 'झ'. गिअर्झ, लोड्झ, बीम्झ, कीझ. भिवंडीचे लूमसुद्धा लूम्झ.

३) शेवटी स, झ, श, च, ज आला तर 'इझ'. गॅसिझ, स्विचिझ, ब्रिजिझ.

अपवाद आहेतच. 'हाउस'चं हाउझिझ होतं, म्हणजे आतला 'स'सुद्धा बदलतो. 'लीफ'चं लीव्ह्झ, पण 'प्रूफ'चं प्रूफ्स.

आपल्याला खरा त्रास ग्रीक-लॅटिनमधून आलेले शब्द देतात. 'अ‍ॅक्सिस'चं अनेकवचन अ‍ॅक्सीझ, शेवट दीर्घ. तसंच अ‍ॅनालिसीझ, हायपॉथिसीझ. 'मेट्रिक्स'चं मेट्रिसीझ, 'व्हर्टेक्स'चं व्हर्टिसीझ. 'रेडिअस'चं रेडिआय. 'क्रायटेरिअन' एक, क्रायटेरिया अनेक, म्हणून 'वन क्रायटेरिया' म्हणू नये. 'प्रोसेस' मात्र या घरातला नाही, तो तिसऱ्या नियमाने प्रोसेसिझ. काहींना दोन रूपं चालतात. 'फॉर्म्युला'चं फॉर्म्युलाझही बरोबर आणि फॉर्म्युलीही. किड्याच्या डोक्यावरच्या त्या अँटेनी, पण आपल्या कम्युनिकेशन लॅबमधल्या अँटेनाझ!

आणि काही शब्दांना अनेकवचनच नाही. इक्विपमेंट, सॉफ्टवेअर, फर्निचर, इन्फर्मेशन. जर्नलमध्ये यांना 'एस' लावायचा मोह टाळा. 'पीसिझ ऑफ इक्विपमेंट' असं लिहा.

आता जरा उलट बाजूने बघू. 'फाईल' मराठीत आली आणि 'फायली' झाली, 'टेबल'चं 'टेबलं' झालं. 'लेडीज' हे मुळात अनेकवचन, पण बसमध्ये आपण सर्रास "एक लेडीज उतरतेय" म्हणतो. त्यावर कोणी हसत नाही. परक्या शब्दाला प्रत्येक भाषा आपलं वळण लावते. इंग्रजीने ग्रीक-लॅटिन शब्दांचं तेच केलं, काही जुन्या रूपात ठेवले, काहींना सरळ 'एस' चिकटवला. म्हणून तर एवढा गोंधळ!

तेव्हा आज रात्री जेवण झाल्यावर जर्नल उघडा, त्यातले दहा शब्द शोधा आणि गळ्यावर बोट ठेवून रूम पार्टनरला मोठ्याने म्हणून दाखवा. आठवडाभरात जीभ वळेल. आणि नाहीच वळली तरी बोला. 'झ'च्या जागी 'स' आला म्हणून मेट्रिक्सचं उत्तर चुकत नाही. गप्प बसलं तर मात्र येत असलेल्या उत्तराचेही मार्क जातात.