ठळक, गोल आणि तिरपे : 'कूपर ब्लॅक इटालिक'चा अभ्यास

मुद्राक्षर म्हणजे मजकूर वाहून नेणारे साधन, एवढेच आपण सहसा समजतो. परंतु अक्षराच्या वळणालाही स्वभाव असतो. 'कूपर ब्लॅक इटालिक' हा रोमन लिपीतील टंक मी अभ्यासासाठी निवडला, तो याच कारणाने. ठळकपणा, गोलाई आणि कल हे तीन गुण एकत्र नांदवणे सोपे नाही.

ऑस्वल्ड ब्रूस कूपर (१८७९–१९४०) हा शिकागोचा अक्षरकार. त्याच्या उभ्या 'कूपर ब्लॅक'चे खिळे तेथील बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या ओतशाळेने १९२२ साली बाजारात आणले. इटालिक त्यानंतर काही वर्षांनी आले. जाहिरातींचा तो बहराचा काळ होता. दुरून नजरेत भरणारी अक्षरे छापखान्यांना हवी होती.

अक्षर जाड केले की त्याच्या पोटातील पोकळी लहान होते आणि ते बोजड दिसू लागते. कूपरने सेरिफ, म्हणजे रेघांच्या शेवटची आडवी टोके, गोलावली. कोपरा कोठेच टोचत नाही. त्यामुळे एवढी शाई असूनही अक्षर दांडगे न वाटता मऊ वाटते.

आता कल. इटालिकचे पहिले पुस्तक १५०१ साली व्हेनिसमध्ये आल्डस मानुशियसने छापले. ते खिळे फ्रान्चेस्को ग्रिफोने हस्ताक्षराच्या वळणावरून कोरले होते. म्हणजे इटालिक हे नुसते वाकवलेले अक्षर नव्हे, ते वेगळे लिहिलेले अक्षर आहे. आज संगणकावर एक कळ दाबून कोणतेही अक्षर तिरपे करता येते. मी जाड गोल 'ओ' तसा करून पाहिला. त्याचा उजवीकडचा वरचा व डावीकडचा खालचा भाग फुगला, उरलेले दोन्ही कोपरे रोडावले. बारीक अक्षरात हा दोष लपतो, ठळक अक्षरात तो उघडा पडतो. म्हणून ठळक इटालिक नव्यानेच रेखाटावे लागते.

याचा उपयोग कोठे करावा? भित्तिचित्र, वेष्टन, दुकानाची पाटी, मासिकातील शीर्षक अशा तीन-चार शब्दांच्या जागी ते शोभते. १९६६ सालच्या 'पेट साउंड्स' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर उभे कूपर ब्लॅक आहे. तेथील खेळकरपणा पाहण्यासारखा आहे. सलग मजकुरासाठी मात्र ते निरुपयोगी. लहान आकारात पोकळ्या शाईने बुजतात आणि डोळा थकतो. शोकसभेच्या निवेदनालाही ते नको.

आपल्या देवनागरीला यातून घेण्यासारखा धडा आहे. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांतील फरक शिरोरेषेतील छोट्या फटीवर व गाठीवर उभा आहे. जाडी वाढवताना ती फट बुजली, तर वाचक शब्दच चुकीचा वाचेल. शिवाय काना कलला तरी शिरोरेषा आडवीच राहते. त्या दोघांचा मेळ प्रत्येक अक्षरात नव्याने साधावा लागतो.

तेव्हा संमेलनाचा फलक रंगवताना गोल, तिरपी, ठळक अक्षरे अवश्य काढावीत. मात्र आधी पोकळी सांभाळावी, मग जाडी वाढवावी. अक्षर आधी वाचले गेले पाहिजे; त्याचे सौंदर्य त्यानंतर.