राजवाड्याभोवतीची घरं मोजताना

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या बोळात मी वाढलो. मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर आमच्या भागातली मराठी घरं वहीत उतरवू लागलो: माणसं किती, कमावते किती, बोली कोणती. दारोदार फिरून जे उमगलं ते असं.

१. पाटीवरून घर ओळखू नये.
इथं आडनाव लावायची रीत नाही. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. पाटीवर भोसले दिसत नाही, जाधव दिसत नाही. आजी नातवाला हाक मारते तेव्हा मराठी कानी पडते. शिवाय आम्ही सगळे एका माळेचे मणी नव्हेत. तमिळ शेजारी ज्यांना रायर म्हणतात ते देशस्थ, दरबारातली मराठा घराणी, नामदेव शिंपी. प्रत्येकाच्या पोटापाण्याची वाट वेगळी.

२. चाकरीनं वसवलेली वस्ती चाकरी सरली की उघडी पडते.
व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात इथं गादी स्थापली. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले, ईस्ट इंडिया कंपनीनं राज्य खालसा केलं. पण आमच्यातलेच, कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव इंग्रजी शिकले आणि पुढे त्रावणकोर, इंदूर, बडोद्याचे दिवाण झाले. विद्या सोबत नेता येते, मानपान नेता येत नाही. माझ्या वहीतली अडलेली घरं बहुतेक मानपानावर विसंबलेल्यांची आहेत.

३. तमिळ बोलता येणं पुरेसं नाही, लिहिता आलं पाहिजे.
राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत सक्तीच्या तमिळ पेपरात ४० टक्के गुण नसतील, तर उमेदवाराचे बाकीचे पेपर विचारात घेत नाहीत. बाजारात फर्डं बोलणारी आमची मुलं इथंच गळतात. म्हणून संध्याकाळी ओसरीवर मी त्यांच्याकडून तमिळ निबंध लिहून घेतो.

४. जातीचा दाखला गरज पडण्याआधी काढावा.
तमिळनाडूच्या मागासवर्गीय यादीत ब्राह्मणेतर मराठा आहेत, त्यात नामदेव मराठाही. पण कित्येक घरांत हे ठाऊकच नाही. माझ्या पुतण्याला मी म्हटलं होतं, "नंतर बघू." मुदत टळली, जागा गेली. ती चूक माझी, आणि ती मला अजून सलते.

५. मराठी जपायची तर तिला कामाशी जोडावी.
आमच्यातले अनेक जण मराठी बोलतात, पण नागरी वाचत नाहीत. आणि हाकेच्या अंतरावर सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी लिपीतल्या कागदांचे ढीग वाचणाऱ्यांची वाट पाहत आहेत. त्यातून सगळ्यांची चूल पेटणार नाही. पण दोन-चार मुलं जरी मोडी शिकली, तरी आपली भाषा उपयोगाची आहे हे बाकीच्यांना दिसेल.

६. मोजणी दाराशी येईल तेव्हा खरं सांगावं.
२०२७ च्या जनगणनेत मातृभाषा विचारली जाईल. शाळा तमिळ, व्यवहार तमिळ, म्हणून पुष्कळजण सवयीनं 'तमिळ' सांगून मोकळे होतात. मी प्रत्येक उंबऱ्यावर हात जोडून सांगतो, तमिळ ही आपली भाकरी आहे, तिचा मान राखा. पण आई ज्या भाषेत रागावली, ती भाषा लिहून घ्यायला सांगा. कागदावर नसलेल्या घरासाठी कुणी काही मागू शकत नाही.